बाभळीवर मारताच कोयत्याच्या धारेला दाते का पडतात?

ऊसतोडीत उत्तम चालणारा कोयता बांधावरच्या बाभळीवर मारताच धारेला दाते पडतात, म्हणून अधिक कठीण पोलादाचा घ्यावा काय, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत आहे की घेऊ नये. पोलादाचा कठीणपणा वाढला की धार जास्त दिवस टिकते, परंतु आघात सोसण्याचा चिवटपणा साधारणपणे कमी होतो. स्वयंपाकाच्या सुरीला रॉकवेल सी या कठीणपणाच्या मापावर ५६ ते ६० चालतात, कारण तिने कोणी घाव घालत नाही. कोयत्याला ५० ते ५५ पुरेसे आहेत.

आधी धार उन्हात धरून नीट पाहावी. कडेचा तुकडा उडाला असेल, तर पाणी (म्हणजे तापवून विझवून पोलादाला दिलेला कठीणपणा) कडक बसले आहे किंवा धार फार पातळ आहे. कड नुसती वळून नखाला अडकत असेल, तर पोलाद मऊ आहे किंवा, याही वेळी, धार पातळ आहे. म्हणून प्रथम कोन बदलावा, त्याला खर्चही फारसा नाही. प्रत्येक बाजूने १५ अंशांची धार २५ अंशांची केली, की कडेमागे धातू वाढतो, आणि जाडी दुप्पट झाल्यास वाकण्यास होणारा विरोध आठपट होतो. उसात हात थोडा जड चालेल, हे मात्र खरे.

ग्राइंडरवर घासताना कड निळी पडू देऊ नये. तिथले पाणी उतरते.