गरम झऱ्याखाली किती वीज आहे, हे कसे ठरवतात?

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यातील तुरळ-राजवाडीच्या झऱ्यांचे पाणी सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमानाचे असते. तेथे वीजकेंद्र उभारता येईल का? जमिनीखाली किती उष्णता आहे, याचा अंदाज कसा बांधतात? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : झऱ्याच्या तोंडाशी मोजलेल्या तापमानावरून फारसे ठरत नाही, कारण वर येताना पाणी निवते आणि उथळ थरांतले थंड पाणीही त्यात मिसळते. म्हणून प्रथम पाण्याचे रासायनिक पृथक्करण करतात. खोलवर तापलेल्या पाण्यात खडकातील सिलिका अधिक विरघळते आणि पाणी लवकर वर आल्यास ती बरीचशी टिकून राहते. तिच्या प्रमाणावरून, तसेच सोडियम व पोटॅशियम यांच्या गुणोत्तरावरून, खालच्या तापमानाचा अंदाज घेता येतो. थंड पाणी मिसळले असेल तर सिलिका कमी तापमान दाखवते, आणि किनाऱ्यालगत खाऱ्या पाण्याचा अंश आला तर क्षारांचे गुणोत्तर फसवते. दोन्ही उत्तरे जुळत नसतील, तर एकावरही विसंबू नये.

तापमानानंतर प्रश्न येतो साठ्याचा. विद्युतरोधाच्या मोजणीवरून तप्त खडकाचा विस्तार अजमावतात आणि मग हिशेब मांडतात. समजा, 1 घन किलोमीटर खडक 100 अंशांनी थंड करता आला, तर त्यातून सुमारे 2.7 × 10¹⁷ जूल उष्णता मिळेल. पण पाणी खडकाच्या भेगांतूनच फिरते, त्यामुळे तिच्यातील दहावा भाग वर आणता येईल असे धरू. त्याच्याही दहाव्या भागाची वीज होईल. 30 वर्षांवर विभागल्यास हाती उरते जेमतेम 3 मेगावॅट. पहिला दहावा भाग बदलून पाव केला, की तेच क्षेत्र 7 मेगावॅटचे होते, आणि हे गृहीतक खोदण्यापूर्वी कोणालाही तपासता येत नाही! भारतासाठी वारंवार छापला जाणारा सुमारे 10,000 मेगावॅटचा आकडा याच कारणाने जपून वाचावा. तो अंदाज आहे, विंधन विहिरींनी सिद्ध केलेला साठा नव्हे.

खरी परीक्षा खोल विहीर घेऊन, तिच्यातून दीर्घकाळ पाणी किंवा वाफ वाहू देऊन आणि दाब किती उतरतो हे पाहूनच होते. कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ या प्रचंड क्षेत्रात 1980च्या दशकात केंद्रे झपाट्याने वाढवली गेली, वाफेचा दाब घसरला आणि उत्पादन कमी झाले. पुढे शहरांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी जमिनीत सोडून ती घसरण आवरावी लागली. उष्णता होती, पाणी अपुरे पडले.

आता तुरळविषयी. अलास्कातील चेना येथे 2006पासून अवघ्या 74 अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते, हे खरे आहे. परंतु तेथे यंत्रणा थंड करायला अतिशय गार पाणी उपलब्ध आहे. कोकणच्या उष्ण हवेत तापमानातील तो फरक मिळत नाही, म्हणून आज वर येणाऱ्या पाण्यावर वीजकेंद्र परवडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खोलवर अधिक तप्त पाणी आहे का, हे काही शे मीटरच्या विहिरींत दर टप्प्याला तापमान मोजून पाहावे लागेल. तोवर याच पाण्याची उष्णता आंबापोळी, फणसपोळी किंवा कोकम सुकवण्यासाठी वापरता येईल. त्यासाठी 60 अंश पुरेसे आहेत.