फॉस्फेट शून्य असूनही रीफ टाकीत चिकट थर का परततो?

आपण लिहिले आहे की आपली रीफ टाकी (प्रवाळांची खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी) सात महिन्यांची आहे, चाचणीत नायट्रेट आणि फॉस्फेट ही दोन्ही पोषकद्रव्ये शून्य येतात, पाणी दर आठवड्याला बदलले जाते आणि तरीही वाळूवरचा तपकिरी चिकट थर सायफनने काढल्यावर दोन दिवसांत पुन्हा दिसतो. माझ्या मते गोम त्या शून्यातच असावी. मात्र आधी थर कशाचा आहे हे ओळखणे आवश्यक आहे, कारण एकावरचा उपाय दुसऱ्याला खतपाणी ठरतो.

नव्या टाकीतली तपकिरी भुकटी बहुधा डायॲटमची (सिलिकेटचे कवच असलेल्या सूक्ष्म शैवालाची) असते; पाण्यातील सिलिकेट संपले की ती ओसरते, तिच्यामागे लागू नये. लालसर-जांभळा, मखमली आणि चिमट्याने ओढल्यास सालीसारखा सोलून निघणारा थर सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे प्रकाशावर वाढणाऱ्या जिवाणूंचा. डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा थर मात्र शेंबडासारखा असतो: प्रवाहात त्याच्या तारा लोंबतात, तारांच्या टोकांना बुडबुडे अडकतात, आणि रात्रीतून विरळ झालेला थर दुपारपर्यंत पुन्हा दाट होतो. खात्रीसाठी थोडा थर टाकीच्या पाण्यासह बाटलीत घेऊन जोरात हलवावा, टिश्यू पेपरमधून गाळावा आणि गाळलेले पाणी तासभर दिव्याखाली ठेवावे. त्यात पुन्हा तारा जमल्या तर डायनोफ्लॅजेलेट समजावेत. सूक्ष्मदर्शक हाताशी असल्यास शंकाच उरत नाही.

माझ्या टाकीत असाच थर आला तेव्हा मी त्याला साधे शेवाळ समजून फॉस्फेट शोषणारे दाणे दुप्पट केले आणि माशांचे खाणे निम्म्यावर आणले. तीन आठवड्यांत खडकांवरचे हिरवे शेवाळ गेले, मोकळ्या झालेल्या जागेवर तपकिरी तारा पसरल्या आणि शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई एकेक करून उताण्या पडू लागल्या. पोषकद्रव्ये संपली की स्पर्धक शैवाल आणि जिवाणू उपाशी मरतात. डायनोफ्लॅजेलेटांपैकी अनेक जाती मात्र प्रकाशाबरोबरच इतर सूक्ष्मजीव खाऊनही तग धरतात.

म्हणून थर डायनोफ्लॅजेलेटचा असल्यास शोषक दाणे काढावेत, पाणी बदलणे काही काळ थांबवावे आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम इतके हळूहळू वाढवावे. पहिले काही दिवस फॉस्फेट घालूनही मोजमाप शून्यच येऊ शकते, कारण टाकीत कोरडे घातलेले खडक आणि वाळू ते शोषून घेतात; तेव्हा धीर सोडून एकदम मोठी मात्रा देऊ नये. डायनोफ्लॅजेलेटांपैकी ऑस्ट्रिऑप्सिस ही जात रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगते, त्यामुळे तिच्यावर यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा प्रभावी ठरतो. अँफिडिनियम ही दुसरी जात वाळूतच राहते आणि तिथे त्या दिव्याचा फारसा उपयोग नाही.

थर सायनोबॅक्टेरियाचा निघाल्यास पाणी न खेळणाऱ्या कोपऱ्यांतला प्रवाह वाढवून साचलेला गाळ सायफनने ओढावा. एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाने तो झपाट्याने जातो हे खरे, पण मरणारा थर कुजताना पाण्यातील ऑक्सिजन घटतो आणि मूळ कारण तसेच राहते, म्हणून तो उपाय मी शेवटी ठेवतो.

एक सावधगिरी: ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही प्रजाती पॅलिटॉक्सिन या अतिशय घातक विषासारखी विषे बनवतात. हातमोजे घालावेत आणि सायफन तोंडाने ओढून सुरू करू नये.