यूटीएमवर फरक दिसला नाही, म्हणून विषय सोडू का?

प्रश्न : मी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोटारीच्या पत्र्यावर स्ट्रेन रेटचा (पत्रा किती झपाट्याने ताणला जातो त्याचा) परिणाम, हा माझा प्रोजेक्ट. डीपी ५९० या कडक पोलादाचे नमुने कॉलेजच्या यूटीएमवर (नमुना ओढून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला १ आणि ५०० मिमी वेगाने ओढले. ताकदीत जेमतेम फरक आला. मित्र म्हणतात, हे सोड आणि कोडिंग शिक. यात नोकरी आहे का?

उत्तर : सोडण्याआधी हिशेब तपास. स्ट्रेन रेट म्हणजे क्रॉसहेडचा (नमुना ओढणाऱ्या हलत्या दांड्याचा) वेग भागिले नमुन्याची समांतर लांबी, म्हणजे मधला एकसारख्या रुंदीचा भाग. गेज लांबी (वाढ मोजायला आखलेलं अंतर) ८० मिमी असली तरी समांतर भाग १२० चा असेल, तर भागायचं १२० नेच. म्हणजे तुझा सर्वांत जास्त दर सेकंदाला ०.०७ च्या आसपास. धडकेत दुमडणाऱ्या पत्र्यात तो १ पासून काहीशे पर्यंत जातो. तू अजून त्या हद्दीत पोचलेलाच नाहीस.

दुसरं, नमुना चुकीचा निवडलास. दर वाढला की डिसलोकेशनला (धातूच्या स्फटिकातल्या सरकणाऱ्या दोषांना) अडथळे ओलांडताना उष्णतेची मदत मिळायला वेळ कमी पडतो, म्हणून जास्त ताण लागतो. ही वाढ मेगापास्कलमध्ये पाहिली तर मऊ आणि कडक पोलादात फार वेगळी नसते. पण डीपीची मूळ ताकदच मोठी, त्यामुळे टक्केवारीत ती झाकली जाते. डीप ड्रॉइंगचा मऊ पत्रा घे. धडकेच्या दराला त्याचा यील्ड (कायमचा वाकायला लागतो तो ताण) दुपटीच्या घरात जाऊ शकतो, आणि तुझ्या यूटीएमवरही फरक डोळ्यांना दिसेल. प्रत्येक वेगाला किमान तीन नमुने, सगळे एकाच रोलिंग दिशेने कापलेले, कापताना कडेला उरलेली बर (धारदार कंगोरा) काढलेली. लांबी क्रॉसहेडवरून मोजू नकोस, त्यात यंत्राचं आणि पकडीचं ताणणंही मिसळतं, नमुन्यावरच लांबी मोजणारा एक्स्टेन्सोमीटर लाव.

खरे उच्च दर सर्वो-हायड्रॉलिक यंत्रावर मिळतात : २० मिमीचा नमुना सेकंदाला १० मीटरने ओढला की दर सेकंदाला ५००. तिथे बल मोजणारा लोड सेल घंटेसारखा कंप पावतो आणि आलेखावर लाटा उठतात. फिल्टर जास्त लावला तर लाटांबरोबर खरा यील्डही पुसला जातो. त्यापेक्षा नमुन्याच्या रुंद, इलॅस्टिक राहणाऱ्या टोकावर स्ट्रेन गेज चिकटवून बल मोजणं बरं. मुलाखतीत हे नीट सांगणारे उमेदवार फार नसतात.

आता नोकरी. गाड्यांना धडक-सुरक्षेचे तारे देणारं भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालं. त्यातली समोरची ऑफसेट धडक ताशी ६४ किमीची. अशी प्रत्येक धडक आधी संगणकावर होते, आणि त्या गणितात प्रत्येक पत्र्याचे वेगवेगळ्या दरांचे आलेख भरावे लागतात. चाचणी प्रयोगशाळांत जागा मोजक्याच. पुण्यात क्रॅश सीएईत, म्हणजे संगणकावरच्या या धडकेच्या कामात, त्या मानाने जास्त. मित्रांचं कोडिंग इथेही लागतं : पायथॉनने कच्चा डेटा साफ करून ट्रू स्ट्रेस-स्ट्रेन (नमुना बारीक होत जातो ते धरून काढलेला ताण आणि ताणणं) काढायला शिक, नेकिंगनंतरचा (नमुना एका जागी आकसू लागल्यानंतरचा) भाग मात्र तसाच वापरू नकोस. एलएस-डायना या धडकेच्या सॉफ्टवेअरची विद्यार्थ्यांसाठीची मोफत आवृत्ती घेऊन त्यातल्या मॅट २४ या मटेरियल मॉडेलमध्ये तुझेच आलेख भर. संशोधनच करायचं असेल, तर गेट देऊन मटेरियल्समध्ये एम.टेक. कर.