पानावर मावा दिसत नाही, मग व्हायरस आणला कुणी?

यावेळच्या पत्रांमध्ये व्हायरसचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकाला ठेवलेत. रागावू नका, पण ज्यांचा प्लॉट आज डोळ्यांदेखत पिवळा पडतोय त्यांना महिनाभर थांबा म्हणणं बरं वाटेना.

प्रश्न : माझी दोन एकर पपई आहे, तैवान 786. चौथा महिना चालू आहे. शेंड्याची पानं हिरवी-पिवळी आणि कातरल्यासारखी निघायला लागलीत, देठांवर तेल ओघळल्यासारख्या रेषा आहेत. मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) व्हायरस आणतो असं सगळे सांगतात म्हणून दर पाचव्या दिवशी माव्याचं औषध मारतोय. पण रोज सकाळी पानं उलटी करून बघतो तर एक मावा सापडत नाही. मग हा येतो कुठून? आणि आता काय मारू?
— एक पपई उत्पादक, शहादा

उत्तर : दादा, तुम्ही पानं उलटी करून बघता म्हणूनच हा प्रश्न तुम्हाला पडला, आणि तुम्ही जे बघताय ते अगदी बरोबर आहे. पपईवर मावा घर करत नाही. त्याला ते झाड आवडतच नाही. आणि तरीही तुमच्या झाडांवर दिसतोय तो रोग, म्हणजे रिंगस्पॉट व्हायरस, आणतो तो मावाच.

होतं काय, की बांधावरच्या तणात किंवा शेजारच्या काकडी, भोपळा, कपाशीत मावा दाटला की त्यातले काही पंख फुटून उडतात आणि वाऱ्याबरोबर कुठेही उतरतात. पंखवाल्या माव्याला लांबून झाड ओळखता येत नाही, तो आधी पानावर बसतो, सोंड टेकवतो, वरच्या पेशीतला थेंबभर रस चाखतो आणि आपल्या कामाचं नाही म्हटल्यावर उठून पुढच्या झाडावर जातो, तिथे परत तेच. हा सगळा खेळ काही सेकंदांचा, फार तर मिनिटभराचा. आधीचं झाड रोगट असेल तर तेवढ्यात व्हायरस त्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या झाडावर सोंड टेकवली की तिथे उतरतो. दोन-चार ठिकाणी चाखून झालं की सोंड साफ, मग त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही. तुम्ही सकाळी पान उलटं करता तोवर तो दोन शेतं ओलांडून गेलेला असतो, दिसणार कसा?

आता तुमच्या फवारणीचं बघा. औषध कितीही जहाल असू दे, मावा मरायला काही मिनिटं तरी लागतात, काही औषधांना तास लागतात, आणि व्हायरस द्यायला त्याला सेकंद पुरतात. म्हणजे तो मरतो पण काम करून मरतो. काही औषधांनी तर तो बिथरून जास्त उड्या मारतो, म्हणजे जास्त झाडं चाखतो. आणि 'व्हायरसवरचं औषध' म्हणून ज्या बाटल्या विकल्या जातात त्यांच्याबद्दल मी स्पष्टच लिहितो, लागण झालेल्या झाडातून व्हायरस काढून टाकणारं औषध नाहीये. त्या बाटलीचे पैसे लेकरांच्या शाळेला लावा.

करायचं काय ते सांगतो. लागण झाल्यापासून लक्षण दिसायला साधारण दोन ते तीन आठवडे जातात, म्हणजे आज पाच झाडं दिसत असतील तर आतून लागलेली आणखी आहेत. झाडं बोटावर मोजण्याइतकी असतील तर मन घट्ट करून आजच उपटा, शेताबाहेर नेऊन पुरा, बांधावर टाकू नका, आणि पुढचा महिनाभर दर तीन-चार दिवसांनी फेरी मारून नवीन दिसेल ते काढत राहा. पण निम्मा प्लॉट गेला असेल तर उपटण्यात काही राम नाही, तेव्हा खत-पाणी नीट ठेवून हाताला लागेल तेवढा माल काढून घ्यावा आणि तो प्लॉट लवकर मोडावा. त्याच्या शेजारी नवीन लागवड मात्र करू नका, सगळ्यात जास्त नुकसान मी तिथेच होताना बघितलंय, जुना प्लॉट उभा आणि बांधाला लागून नवीन रोपं.

पुढच्या लागवडीला कडेने मक्याच्या दोन-तीन दाट ओळी लावा, त्या पपईच्या आधी तीन-चार आठवडे पेरा म्हणजे रोपं लागेपर्यंत मका वर आलेला असेल. उडत येणारा मावा आधी मक्यावर सोंड पुसतो, हा त्यातला फायदा. फक्त मक्यावरच मावा माजू देऊ नका. रोपांवर क्रॉप कव्हर (पातळ कापडाचं आच्छादन) टाका, झाड आत मावतंय तोवर ठेवा. आणि पपईत किंवा शेजारी काकडी, दोडका, भोपळा नको, पपईचा हा व्हायरस वेलवर्गीय पिकांवरही राहतो. बियातून मात्र तो येत नाही, ती भीती काढून टाका.

हवाईमध्ये 1992 मध्ये हा रोग पुना या मुख्य पपईपट्ट्यात शिरला आणि काही वर्षांत बागाच्या बागा बसल्या. तिथल्याच मातीतले शास्त्रज्ञ डेनिस गोन्साल्विस यांच्या गटाने व्हायरसच्याच आवरणाचा जनुक पपईत घालून 'रेनबो' जात तयार केली, 1998 मध्ये तिचं बी शेतकऱ्यांना मिळालं आणि पपई परत उभी राहिली. आपल्याकडे तशी जात लागवडीला मिळत नाही, म्हणून आपल्याला मका, कव्हर आणि फेरी यांच्यावरच भागवायचंय.

प्रश्न : रोपं उपटणाऱ्या मजुरांच्या हाताने व्हायरस पसरतो का?
— एक ताई, संगमनेर

उत्तर : कुठला व्हायरस त्यावर आहे ताई. टोमॅटोचा बोकड्या (पानं वळून झाड खुरटवणारा व्हायरस) हाताने पसरत नाही, त्याला पांढरी माशीच लागते. पण तंबाखूचा मोझॅक आणि त्याच्या घराण्यातले टोमॅटोचे व्हायरस हाताने, कात्रीने, सुतळीने सगळ्याने पसरतात, अगदी तंबाखू मळलेल्या हातानेसुद्धा. बांधणी-छाटणी करणाऱ्यांना साबणाने हात धुवायला लावा.

प्रश्न : टोमॅटोची रोपं नर्सरीतून आणली तेव्हा हिरवीगार होती. लागवडीनंतर विसाव्या दिवशी पानं वाटीसारखी वळून झाडं बोकडली. नर्सरीवाला म्हणतो तुमच्या शेतात लागलं, मी म्हणतो रोपातच होतं. खरं कोण?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : लक्षण दिसायला साधारण दोन आठवडे धरले तर तुमच्या विसाव्या दिवसावरून तुमच्या शेतातच, लागवडीनंतरच्या पहिल्या आठवड्यात लागण झाली असावी असं वाटतं. आठव्या-दहाव्या दिवशी दिसलं असतं तर मी नर्सरीकडे बोट दाखवलं असतं. शेजारी कुणाचा जुना टोमॅटो किंवा मिरची उभी होती का ते आठवून बघा.

इथे गोष्ट माव्यापेक्षा वेगळी आहे. पांढरी माशी पानाच्या आतल्या रसवाहिनीपर्यंत सोंड घालून बराच वेळ पीत बसते. व्हायरस तिच्या पोटात जातो, आतड्यातून रक्तात, रक्तातून लाळेच्या ग्रंथीत, आणि या प्रवासाला काही तास लागतात. पण एकदा तिथे पोचला की ती माशी पुढे कित्येक दिवस, बहुतेक मरेपर्यंत, बसेल त्या झाडाला रोग देत राहते. मावा म्हणजे ओला ब्रश, दोन फटकाऱ्यांत कोरडा होणारा, आणि पांढरी माशी म्हणजे पाठीवर भरलेला पंप. म्हणूनच इथे माशी मारण्याचा थोडाफार उपयोग होतो, मात्र एकच औषध सारखं मारलं की माशी त्याला दाद देत नाही, औषधाचा गट बदलत राहा.

पहिला महिना-दीड महिना जपला तर अर्धी लढाई जिंकली, उशिरा लागण झालेलं झाड तरी माल देतं. रोपं घेताना सकाळी नर्सरीत जा, ट्रेवर हलकी टिचकी मारा, पांढरा भुरका उडाला तर ती रोपं फुकट दिली तरी आणू नका. नर्सरीची जाळी 40 ते 50 मेशची (एका इंचात तेवढी छिद्रं) हवी आणि दाराला दुहेरी पडदा हवा. शेतात चंदेरी मल्चिंग (जमिनीवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) टाकलं तर त्याच्या चकाकीने माशी बिचकते. आणि एक चूक बरेच जण करतात, रोगट झाड तसंच उपटून खांद्यावर टाकून सगळ्या सरीतून चालत जातात, माश्या उडून शेजारच्या झाडांवर बसत जातात. आधी फवारा किंवा झाडावर पिशवी टाका, मग उपटा.

प्रश्न : गच्चीत भेंडी लावलीये. पानांच्या शिरा पिवळ्याधमक झाल्यात, भेंड्याही पिवळट येताहेत. घरात लहान मुलं आहेत, खाल्ली तर चालेल का?
— एक गृहिणी, ठाणे

उत्तर : ताई, बिनधास्त खा. झाडाचा हा व्हायरस माणसाला लागत नाही, भेंडी जरा कडक आणि बेचव लागेल एवढंच. याला आपल्याकडे केवडा किंवा हळद्या म्हणतात, हाही पांढरी माशीच आणते, आणि हा आपल्या भागातला जुना रोग आहे, 1924 मध्ये मुंबई इलाख्यातूनच त्याची पहिली नोंद झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानटी भेंडीशी संकर करून 'परभणी क्रांती' काढली ती याच रोगासाठी, आणि बरीच वर्षं ती टिकली, पण व्हायरसही बदलत गेला आणि आता तीही बऱ्याच ठिकाणी पिवळी पडते. चार कुंड्यांसाठी फवारणीच्या फंदात पडू नका, पिवळं झाड काढा, नवीन रोपांवर महिनाभर जुन्या मच्छरदाणीपेक्षा बारीक जाळी घाला, मच्छरदाणीतून ही माशी सहज आत जाते.

प्रश्न : फुलकिडीसाठी पिवळे सापळे लावू की निळे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : निळे. पिवळे पांढऱ्या माशीला आणि माव्याला. पण टोमॅटो आणि भुईमुगाच्या बड नेक्रोसिससाठी (फुलकिडी पसरवतात तो शेंडा करपवणारा व्हायरस) फक्त सापळ्यावर विसंबू नका, कारण फुलकिडीत हा व्हायरस पिल्लूच घेऊ शकतं, मोठी झाल्यावर घेतला तर तिच्याकडून पसरत नाही. पिल्लाला पंख नसतात, ते सापळ्यावर येणारच नाही, ते रोगट झाडाच्या कोवळ्या शेंड्यात बसलेलं असतं. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, सुईच्या टोकाएवढी पिवळसर पिल्लं पळताना दिसली तर ते झाड त्याच दिवशी काढा, त्यांना पंख फुटायच्या आधी.