वाचकांचे प्रश्न : दोन्ही प्लगांची ठिणगी एकाच वेळी जाते तेव्हा

प्रश्न : आमच्या होडीवर दोन सिलिंडरचे, दोरी ओढून सुरू होणारे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. १ जूनला मासेमारीची बंदी लागली तेव्हा ते चालू स्थितीत उतरवून घराच्या पडवीत ठेवले होते. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा चढवले, तर दोन्ही प्लगांना ठिणगी येत नाही. प्लग नवे टाकून पाहिले, तरी फरक नाही. ओळखीच्या मोटार मेकॅनिकने दोन्ही कॉइल जळाल्याचे सांगितले आहे. या कॉइल सहज मिळत नाहीत आणि मिळाल्या तर स्वस्त नाहीत. त्या घेण्यापूर्वी काय तपासावे?
— एक वाचक, दिवाळे, बेलापूर

उत्तर : कॉइलचे पैसे तूर्त खर्च करू नयेत. आपल्या वर्णनावरून हे मॅग्नेटो पद्धतीचे, म्हणजे फिरत्या फ्लायव्हीलमधल्या (वरच्या जड चाकातल्या) चुंबकाने बॅटरीशिवाय वीज तयार करणारे इंजिन दिसते; त्याचे पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, फ्लायव्हीलखाली असतात. अशा दोन सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथे उडणारी ठिणगी आवरणारा भाग) आणि स्वतंत्र कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी तारेची वेटोळी) असते. पडवीत नुसत्या पडून राहिलेल्या इंजिनाच्या दोन्ही कॉइल एकदम जळाव्यात, हे पटण्याजोगे नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी बंद पडल्या असतील तर दोघींना सामाईक असलेली गोष्ट आधी पाहावी, आणि ती म्हणजे इंजिन बंद करण्याचे बटण व त्याची वायर.

मोटारीचा मेकॅनिक नेमका इथेच चकतो. मोटारीत चावी बंद केली की बॅटरीकडून येणारा प्रवाह तुटतो आणि इंजिन थांबते. मॅग्नेटोमध्ये उलटे असते: बटण दाबले की पॉइंटकडची वायर इंजिनाच्या धातूला, म्हणजे अर्थला, जोडली जाते आणि ठिणगी बंद पडते. त्यामुळे बटणात खाऱ्या हवेने गंज किंवा ओल धरली, वायरचे आवरण कुठे घासून उघडे पडले, किंवा सुरक्षा दोरीची (माणूस पाण्यात पडल्यास इंजिन थांबवणाऱ्या दोरीची) क्लिप जागेवर नसली, तर कोणी बटण दाबलेले नसतानाही इंजिन स्वतःला ‘बंद’च समजते. जुन्या चेतक किंवा लूनावर हात बसलेला मेकॅनिक मिळाला तर त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

तपासणी संध्याकाळी किंवा सावलीत करावी, कारण भर उन्हात बारीक ठिणगी दिसत नाही. पेट्रोलची टाकी दूर ठेवावी. दोन्ही प्लग काढून आपापल्या टोप्यांत बसवावेत आणि त्यांचे धातूचे अंग तारेने इंजिनाला पक्के बांधावे. मात्र ते प्लगच्या मोकळ्या भोकांपासून लांब असावेत, कारण दोरी ओढताना तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. प्लग किंवा टोपी हातात धरू नये. आता बटणाकडे जाणाऱ्या वायर जोडणीतून सोडवाव्यात, त्यांची टोके कशालाही टेकणार नाहीत अशी ठेवावीत आणि दोरी जोरात ओढावी. ठिणगी दिसली तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे, आणि त्याची दुरुस्ती कॉइलच्या मानाने किरकोळ आहे. एक सावधगिरी मात्र हवी : वायर सोडलेल्या स्थितीत इंजिन सुरू केले तर ते बटणाने थांबणार नाही, चोक ओढून किंवा पेट्रोल तोडूनच थांबवावे लागेल. ‘चालतेय तर चालू दे’ म्हणून तसेच खाडीत नेऊ नये. सुकाणूवरचा माणूस पाण्यात पडला तर इंजिन थांबवणारी दोरी याच वायरीवर अवलंबून असते.

तरीही ठिणगी आली नाही, तर दुसरा संशय पॉइंटांवर घ्यावा. कॉइलप्रमाणे पॉइंटही वेगवेगळे असले तरी दोन्ही पॉइंट एकाच दमट हवेत दोन महिने पडून होते, तेव्हा दोन्हींवर एकदम गंजाचा पापुद्रा धरणे अगदी शक्य आहे. डोळ्याला तो पापुद्रा दिसेलच असे नाही, पण कॉइलच्या प्राथमिक (पॉइंटला जोडलेल्या) वेटोळ्यातला विजेचा दाब कमी असल्यामुळे तेवढाही अडथळा प्रवाह रोखायला पुरतो.

त्यासाठी फ्लायव्हील काढावे लागते आणि ते पुलरनेच (चाक ओढून काढण्याच्या हत्यारानेच) काढावे. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारल्याने आटे बसतात, बेअरिंगला मार लागतो आणि चुंबक तडकू शकतो. खालच्या पॉइंटांवरून बारीक कानस हलकेच फिरवावी. पॉलिश पेपर वापरू नये, कारण त्याचे कण धातूत रुतून बसतात आणि तेच पुढे प्रवाह अडवतात. मग स्पिरिटमध्ये भिजवलेला स्वच्छ जाड कागद मिटलेल्या पॉइंटांतून ओढून घ्यावा. बोटाचे तेलसुद्धा तिथे राहता कामा नये. पॉइंट पूर्ण उघडे असताना त्यांतील फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजावी. अनेक जुन्या आउटबोर्डांत ती सुमारे ०.५ मिलिमीटर असते, तरी आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा.

मल्टीमीटर लावताना एका ठिकाणी हमखास फसगत होते. कॉइलची वायर पॉइंटवरून न काढता मोजमाप घेतले, तर पॉइंट उघडे असोत वा मिटलेले, मीटर जवळजवळ शून्यच दाखवतो, कारण कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध बहुधा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि प्रवाहाला तिकडून वाट मिळते. म्हणून वायर आधी सोडवावी. एवढे होऊनही एकाच सिलिंडरला ठिणगी आली, तर चांगल्या बाजूची कॉइल आणि मग कंडेन्सर दुसऱ्या बाजूला लावून पाहावा. दोष ज्या भागाबरोबर सरकेल तेवढाच भाग विकत घ्यावा.

फ्लायव्हील परत बसवताना अर्धचंद्राकृती चावी (फ्लायव्हील शाफ्टवर नेमक्या जागी धरणारा धातूचा तुकडा) शाबूत आहे ना ते पाहावे, शाफ्टचा निमुळता भाग कोरडा पुसावा आणि नट पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावा. नट ढिला राहिला की ती चावी तुटते आणि ठिणगीची वेळच चुकते.

प्रश्न : आमचे याच प्रकारचे इंजिन थंड असताना छान चालते, पण विसेक मिनिटांनी बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. हाही कॉइलचाच दोष का?
— एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर : असू शकतो. तापल्यावर वेटोळ्याचे आवरण दगा देते आणि थंड झाल्यावर कॉइल पुन्हा चालू लागते. पण निदान इंजिन बंद पडल्याच्या क्षणीच करावे, घरी आणल्यावर नव्हे. वर सांगितलेली काळजी घेऊन तिथेच प्लग काढावा आणि ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सरकडे वळावे. ठिणगी स्वच्छ निळी असेल, तर पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते पाहावे. तो बंद राहिला तर टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल येणे थांबते, आणि झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज ऐकू येतो.