उपवासकाळाच्या पहिल्या वर्षासाठी

तुम्ही यंदा प्रथमच उपवासकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा ख्रिस्ती व्रतकाळ, पाळणार आहात, याचा आनंद वाटला. सुरुवातीला चाळीसही दिवस मटण सोडण्याचा संकल्प करू नका. कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार (या काळाचा पहिला दिवस), गुड फ्रायडे आणि या काळातील शुक्रवार हे मांसत्यागाचे दिवस असून, तो वयाच्या 14 व्या वर्षापासून लागू होतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये बहुधा असा बंधनकारक नियम नसतो, म्हणून आधी आपल्या फादरांना किंवा पाळकांना विचारावे.

आपल्या भागात सर्वांत मोठा घोटाळा 'उपवास' या शब्दाने होतो. साबुदाणा आणि भगर शोधण्याची गरज नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, वांग्याची भाजी हे सर्व चालते, अंडी, दूध आणि मासेही चालतात. जेवण कमी करणे, म्हणजे एकच पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे, हा वेगळा नियम केवळ राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला असतो.

पहिल्या वर्षी माझ्या हातून दोन चुका झाल्या. एका शुक्रवारी लग्नाच्या पंगतीत मी कोंबडीचे तुकडे ताटाच्या कडेला सारून रस्सा भुरकला, जी माझ्या मते सरळ पळवाटच होती. दुसऱ्या शुक्रवारी पाटोडीचा तर्रीदार रस्सा इतका हाणला की त्यापुढे मटण साधे वाटावे. गुरुवारचे उरलेले मटणाचे कालवण मात्र रात्रीच संपवा, कारण सकाळी शेतावर निघताना शिदोरीत तेच बांधले जाते.