हीटरचा डबा भंगारात देऊ नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की तुमच्या १९७० च्या शेवरोले सी-१० पिकअपमध्ये पावसाळ्यात समोरची काच आतून धुरकट होते, प्रवाशाच्या पायाखालचं मॅटिंग ओलं राहतं आणि उन्हाळ्यात पायावर गरम झळ येते. मेकॅनिक म्हणतो, नागपुरात हीटर लागतो कोणाला, काढून टाका, भोकं बुजवून देतो. तुमच्या प्रश्नावरच्या इतर उत्तरांमध्येही बहुतेक जण तेच सांगून राहिले आहेत. मला हा सल्ला मुळीच पटत नाही.

थंडीचा मुद्दा बाजूला ठेवू, जरी २९ डिसेंबर २०१८ ला आपल्याकडे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. या गाडीत बाहेरची ताजी हवा, पायाकडची हवा आणि काचेवरची हवा हीटरच्या याच डब्यातून फिरते. जुलैच्या पावसात आतून धुरकटलेली काच सगळ्यात लवकर साफ होते ती गरम हवेने. डबा काढला की ती सोय गेली, आणि फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला, एक मोठं भोक पडलं. ते पत्र्याने कितीही बुजवलं तरी कडेने इंजिनची धग आणि पेट्रोलचा वास केबिनमध्ये येतोच. ज्या गावात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले, तिथे नीट सील केलेला डबा थंड प्रदेशापेक्षा जास्त गरजेचा आहे.

काही उघडण्याआधी पाणी कुठलं आहे ते ओळखा. मॅटिंगवरचं पाणी बोटांना चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट थर बसत असेल, तर कोअर (डब्यातला छोटा रेडिएटर) गळतोय आणि ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे. (ते विषारी असतं आणि कुत्री-मांजरं ते चाटू शकतात. सांडलेलं लगेच पुसा.) साधं पाणी असेल तर दोष बहुधा काऊलचा, म्हणजे काचेखालच्या जाळीतल्या पोकळीचा. गाडी कडुलिंबाखाली उभी राहत असेल तर तिथे पाला साचून निचऱ्याची वाट बंद होते आणि पाणी डब्यात उतरतं. जाळीवर पाइपने हळूहळू पाणी सोडा आणि खाली कुठून बाहेर पडतं ते बघा. पडतच नसेल तर आधी ती वाट मोकळी करा, नाहीतर नवं सीलिंग पहिल्याच पावसात वाया जाईल.

डबा काढताना बॅटरी सोडा, कूलंट इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढा. नट फायरवॉलच्या इंजिनबाजूने आहेत, त्यातला एखादा मडगार्डच्या आड लपलेला असतो. आदल्या रात्री सगळ्यांवर गंजाचं तेल मारून ठेवा. होज (कोअरला जोडलेल्या रबरी नळ्या) पिळून ओढू नका. पात्याने लांबीत चिरून सोलून काढा. कोअरच्या नळ्या पितळी, नुसत्या झाळलेल्या असतात आणि पिळलं की नेमका तोच सांधा सुटतो. चांगले कोअर काढतानाच जास्त मरतात. फायरवॉलवरचं जुनं आवरण आणि पॅड कोरडे खरवडू नका, त्या काळातल्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतो. मास्क लावा आणि ओलं करून काढा.

कोअर तांब्या-पितळेचा असेल तर फेकू नका. अमरावती रोडवर वाडीकडे ट्रकचे रेडिएटर झाळणारे कारागीर मिळतील. एक तोंड बंद करून दुसऱ्याने हवा भरायची, पाण्यात बुडवायचं, बुडबुडे बघायचे. दाब रेडिएटरच्या झाकणावर असतो तेवढाच, साधारण १५ पीएसआय. त्याहून जास्त देऊ नका म्हणून स्वतः उभं राहून सांगा.

आता फोम, आणि खरं काम इथेच आहे. फ्लॅपवरचा (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेवरचा) मूळ फोम पन्नास वर्षांत भुकटी झालेला असतो. त्यामुळे खटका 'बंद'वर असला तरी फ्लॅपच्या कडेने हवा कोअरवरून जात राहते, आणि उन्हाळ्यातली ती झळ बहुतेक तीच आहे. तिथे गादीचा किंवा सोफ्याचा स्पंज अजिबात लावू नका. तो पाणी पितो, कुजतो, वास मारतो. बंद छिद्रांचाच फोम हवा. दुकानातच तपासा: तुकडा पाण्याखाली दाबा, सोडा, पुन्हा दाबा. बाहेर काढल्यावर जड लागला तर परत द्या. आतल्या फ्लॅपना ईपीडीएम (कृत्रिम रबराचा एक प्रकार) चालतो, पण त्याला तेल आणि पेट्रोल सोसत नाही, म्हणून इंजिनबाजूच्या गॅस्केटला निओप्रीन घ्या. जाडी अशी निवडा की फ्लॅप बंद झाल्यावर फोम निम्मा दबेल. जास्त जाड घेतला तर फ्लॅप पूर्ण बसत नाही, खटक्यापासून फ्लॅपपर्यंतची केबल वाकते आणि लोक उगाच केबलला दोष देतात. नुसत्या मागच्या चिकटपट्टीवर विसंबू नका, मे महिन्यात बंद गाडीत ती सरकते. पत्रा गंजमुक्त करा, स्पिरिटने पुसा, वर रबराचा कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह लावा.

डब्याच्या दोन भागांमध्ये आणि फायरवॉलशी न सुकणारा ब्युटाइल टेप वापरा, पत्र्याच्या छपराचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. सिलिकॉनने डबा चिकटवू नका. पुढच्या वेळी उघडताना कडा तुटतील, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्रा व तांबं दोन्ही खातं. फायबरच्या डब्याला तडा असेल तर आतून फायबर मॅट आणि जास्त तापमानाचं एपॉक्सी. पाच मिनिटांत सुकणारं साधं एपॉक्सी कोअरजवळ मऊ पडतं.

गाडीत बसवण्याआधी रात्री अंधाऱ्या खोलीत डब्यात छोटा एलईडी दिवा ठेवून फ्लॅप बंद करा. उजेड जिथून येईल तिथून हवाही जाईल. प्रत्येक कडेला कागदाची पट्टी धरून फ्लॅप मिटवा. पट्टी सहज निसटली तर तिथे फोम कमी पडलाय.

ब्लोअरच्या (हवा फेकणाऱ्या पंख्याच्या) मोटरची अर्थ वायर उघड्या, स्वच्छ पत्र्याला लावा. नवा रंग आणि नवं गॅस्केट आलं की अर्थ तुटते आणि चांगली मोटर मेली असं वाटतं. पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर डब्यातल्या वाऱ्याच्या झोतातच ठेवा, तो वाऱ्यानेच थंड होतो.

शेवटी कोअरला जाणाऱ्या गरम होजमध्ये हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह टाका. तुमचं व्ही-८ इंजिन असेल तर ती होज इनटेक मॅनिफोल्डवरून येते, बारीक असते, ५/८ इंचाची, परतीची ३/४. स्मॉल ब्लॉकला (शेवरोलेच्या लहान आकाराच्या व्ही-८ ला) कूलंट फिरत राहण्यासाठी बायपासची वाट वेगळी असते, त्यामुळे हीटर बंद केल्याने इंजिनाचं काही बिघडत नाही. मार्चमध्ये व्हॉल्व्ह बंद करा, पाऊस सुरू झाला की उघडा. भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं घ्या, बोअरचं पाणी नको, त्याचा क्षार कोअरच्या बारीक नळ्यांत बसतो.

इंजिन सहा सिलिंडरचं असेल तर होज कुठून कुठे गेल्यात त्याचा फोटो टाका, व्हॉल्व्हची जागा बघून सांगतो.